लोखंड बुडते, मग जहाज का तरंगते?

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडले की दारूखान्याचा भाग सुरू होतो. दोन्ही बाजूंना लोखंडाची दुकाने, साखळदंडांचे ढीग, गंजलेले पत्रे, गॅस कटरच्या ठिणग्या आणि पलीकडे बंदराची भिंत. जुनी जहाजे मोडून त्यांचे लोखंड विकण्याचा व्यवसाय येथे अनेक दशके चालत आला. कौला बंदर, लकडी बंदर ही नावे या परिसराच्या जुन्या व्यापाराची आठवण करून देतात. या वस्तीत वाढणाऱ्या मुलाने लोखंड पाण्यात बुडताना पाहिलेले असते आणि त्याच लोखंडाचे जहाज तरंगतानाही पाहिलेले असते. लोखंड कोठे अधिक गंजते, ओहोटीच्या वेळी चिखल किती दूरपर्यंत उघडा पडतो, जड वस्तू ओढताना दोर कोठे धरावा, या गोष्टी त्याला कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

हेच मूल शाळेत जाते, तेव्हा त्याच्यापुढे ‘प्लावकता’, ‘घनता’, ‘उत्प्रणोद’ हे शब्द येतात. परीक्षेत व्याख्या विचारली जाते. ती त्याला आली नाही तर ते मूल विज्ञानात कच्चे ठरते. बंदरावरचे लोखंड आणि पुस्तकातील घनता यांचा संबंध जोडून देणारा धडा शाळेत नसेल, तर या मुलाचे अनुभवाचे ज्ञान शाळेच्या दाराबाहेरच राहते. तो संबंध जोडणारा धडा कसा तयार करायचा, हा प्रश्न मुंबईतील काही शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सुमारे अर्धशतकापूर्वी हाती घेतला. त्या प्रयत्नांतून उभी राहिलेली संस्था याच हार्बर मार्गावर, मानखुर्दला आहे.

नाना चौकातील सुरुवात

टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, ही मूलभूत विज्ञानातील संशोधनासाठी ओळखली जाते. तेथील काही शास्त्रज्ञांना असे वाटू लागले, की देशात उत्तम संशोधन व्हायचे असेल तर शाळेतील विज्ञान सुधारले पाहिजे, आणि ते काम केवळ सल्ले देऊन होणार नाही. प्रा. भालचंद्र उदगावकर यांच्यासारख्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाने या विचाराला बळ दिले. १९७४ मध्ये टीआयएफआरचा एक भाग म्हणून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. व्ही. जी. कुलकर्णी यांनी त्याचे नेतृत्व केले. केंद्राला पहिली जागा मिळाली ती नाना चौकात, महापालिका शाळेच्या इमारतीत. मुंबईतील शिक्षणाचा पाया घालणाऱ्या नाना शंकरशेट यांच्या नावाच्या चौकात हे काम सुरू व्हावे, हा योगायोग सुखद म्हणावा लागेल. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र मानखुर्द येथील स्वतःच्या वास्तूत गेले.

महापालिका शाळेच्या इमारतीत राहण्याचा एक लाभ होता. संशोधकांना मुले शोधायला दूर जावे लागत नव्हते. त्याच सुमारास केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांतही काम केले. शहरातील महापालिका शाळा आणि खानदेशातील ग्रामीण शाळा या दोन्हींचे प्रश्न जवळजवळ सारखेच होते: प्रयोगाचे साहित्य नाही किंवा असले तरी कपाटात बंद, शिक्षकाला स्वतः प्रयोग करण्याचा सराव नाही, आणि पुस्तकाची भाषा मुलांच्या भाषेपासून दूर.

अशा प्रयत्नांमागे जगभर चाललेल्या हालचालींची पार्श्वभूमी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील शाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. तेथील विज्ञान शिक्षकांसाठी युनेस्कोने डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणे कशी करावीत हे सांगणारी पुस्तिका काढली. तिचा विस्तार होऊन १९५६ मध्ये विज्ञान शिक्षणासाठीचे मोठे संदर्भपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत शालेय भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम तयार करणारी समिती स्थापन झाली. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर तिच्या कामाला गती आली. ब्रिटनमध्ये १९६२ पासून नफिल्ड प्रतिष्ठानाच्या साह्याने असेच काम सुरू झाले.

आपल्याकडेही हाताने काम करत शिकण्याची परंपरा होती. १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरी पद्धतीची महाग साधने बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, पाने यांच्या साह्याने आदिवासी मुलांना शिकवले. ज्या गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव रे रोडला मिळाले, त्यांच्याच कारकीर्दीत १८८७ मध्ये व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली, हेही येथे आठवते. मात्र हाताचे शिक्षण कारागिरासाठी आणि पुस्तकाचे शिक्षण विद्वानासाठी, ही विभागणी आपल्या मनातून सहजी गेली नाही. शालेय विज्ञानाला तिचा सर्वांत मोठा फटका बसला.

प्रयोग आणि धडा यांतील अंतर

‘कृतीतून विज्ञान’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चमत्कारासारखे प्रयोग येतात. बाटलीतून फेस उसळतो, फुगा आपोआप फुगतो, मुले टाळ्या वाजवतात. अभ्यासक्रम तयार करणाऱ्या गटाचे काम येथे संपत नाही. खरे तर ते यानंतर सुरू होते. प्रयोगाआधी मुलांना कोणता प्रश्न विचारायचा, प्रयोगात नेमके काय पाहायला सांगायचे आणि नंतर कोणती चर्चा घडवायची, हे ठरवणे अधिक अवघड असते. रे रोडच्या मुलाला रोज दिसणारे तरंगणे आणि बुडणे यांचाच धडा उदाहरणादाखल घेता येईल.

कोणती वस्तू बुडते, असे विचारल्यावर बहुतेक मुले ‘जड वस्तू बुडते’ असे सांगतात. हे उत्तर चुकीचे आहे असे शिक्षकाने सांगून टाकले, तर मुले ते वहीत लिहून घेतात आणि मनात जुनीच समजूत ठेवतात. म्हणून पहिली पायरी अंदाजाची. पाण्याने भरलेले घमेले, टाचणी, मेणबत्ती, खडू, लाकडाचा ठोकळा, खिळा, संत्रे एवढे साहित्य पुरते. प्रत्येक वस्तू पाण्यात टाकण्याआधी ती तरंगेल की बुडेल हे मुलांनी लिहायचे. मग टाकून पाहायचे. इवलीशी टाचणी पाण्यात ढकलली की तळाशी जाते आणि तिच्याहून कितीतरी जड मेणबत्ती तरंगते. येथे ‘जड म्हणून बुडते’ या नियमाला पहिला तडा जातो.

दुसरी पायरी संत्र्याची. सालीसकट संत्रे तरंगते. साल काढून तेच संत्रे पाण्यात सोडले की बहुधा बुडते. साल काढल्यावर वजन कमी झाले, तरी फळ बुडाले! सालीत हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. वजनाच्या मानाने सालीने व्यापलेली जागा मोठी असते. ‘किती जड’ या प्रश्नाबरोबर ‘किती जागेत’ हा प्रश्न विचारायला हवा, हे मुलांच्या लक्षात येऊ लागते. घनता हा शब्द अजून वर्गात आलेला नाही, पण घनतेची कल्पना आलेली आहे.

तिसरी पायरी चिकणमातीची. मातीचा गोळा बुडतो. त्याच गोळ्याची पातळ वाटी केली की ती तरंगते. माती तेवढीच आहे, वजनही तेवढेच आहे. बदलला तो फक्त आकार. वाटीने अधिक पाणी बाजूला सारले. वस्तूने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला वरच्या दिशेने लावते, हा आर्किमिडीजचा नियम आता सांगितला तर तो अंगवळणी पडतो.

येथे रे रोडच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दहा सेंटिमीटर बाजूचा लोखंडाचा भरीव ठोकळा घेतला तर त्याचे वजन सुमारे ७.८ किलो भरते. तो एक लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे पाण्याचा वरच्या दिशेचा जोर फक्त एका किलोच्या वजनाइतका. ठोकळा बुडणारच. त्याच लोखंडाचा पत्रा करून आठ लिटरपेक्षा मोठी पेटी बनवली आणि तिच्यात पाणी शिरू दिले नाही, तर ती तरंगेल. दारूखान्याच्या किनाऱ्यावर आलेले जहाज अशीच एक प्रचंड पेटी असते. तिचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा बुडतो.

धडा वर्गात नापासही होतो

कागदावर हा धडा सोपा दिसतो. वर्गात मात्र तो अनेक ठिकाणी अडतो. मातीऐवजी स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमची पातळ फॉइल वापरावी, असे एखाद्या लेखकाला सुचते. तिची होडी तरंगते. मग तिचा बोळा केला की तो बुडेल, अशी अपेक्षा असते; पण मुलांनी हाताने केलेला बोळा तरंगतच राहतो, कारण घड्यांमध्ये हवा अडकलेली असते. हातोडीने ठोकून हवा बाहेर काढली तरच तो बुडतो. शिक्षकाला याची कल्पना नसेल तर प्रयोग ‘फसला’ असे होते आणि पुढच्या वर्षी तो फळ्यावरच शिकवला जातो. कल्पना असेल तर तोच प्रसंग धड्यातील सर्वांत मोलाचा क्षण ठरतो, कारण बोळा का बुडत नाही याचा विचार मुलांनाच करावा लागतो.

मिठाच्या पाण्याचा प्रयोगही असाच. गोड्या पाण्यात बुडणारे अंडे मिठाच्या पाण्यात तरंगते, हे प्रसिद्ध आहे. पण अनेक घरांत आणि शाळांत अंडे चालत नाही. तेथे बटाट्याची फोड तेच काम करते. मग एखादे मूल विचारते, ही फोड समुद्रात तरंगेल का? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बटाटा तरंगण्यासाठी त्याच्या सुमारे तिप्पट मीठ लागते. म्हणजे बंदराच्या पाण्यात बटाटा बुडेल. शिक्षकाकडे ही माहिती हवी, किंवा ‘करून पाहू या’ असे म्हणण्याची तयारी तरी हवी.

अभ्यासक्रम तयार करणाऱ्या गटाचा बराच वेळ अशा बारीकसारीक अडचणी शोधण्यात जातो. धडा लिहायचा, मुलांबरोबर करून पाहायचा, कोठे ती गोंधळतात ते टिपायचे, प्रश्नाचे शब्द बदलायचे, साहित्य बदलायचे आणि पुन्हा वर्गात जायचे. छापील पुस्तकात या कामाचा मागमूस दिसत नाही. पण ज्या पुस्तकामागे ते झालेले नसते, ते पहिल्याच तासाला ओळखू येते.

मिनी आणि अपू

होमी भाभा केंद्रात या विचाराने प्राथमिक शाळेसाठी तयार झालेला अभ्यासक्रम म्हणजे ‘स्मॉल सायन्स’. जयश्री रामदास यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याची पुस्तके येऊ लागली. मुले विज्ञानाच्या संकल्पना कशा समजून घेतात, त्यांच्या मनात आधीपासून कोणत्या समजुती असतात, हा रामदास यांच्या संशोधनाचा विषय होता. इंग्लंडमधील रोझलिंड ड्रायव्हर यांच्याबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रकाशाविषयीच्या कल्पनांचा अभ्यास केला होता. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक, कृतिपुस्तिका आणि शिक्षकांसाठी वेगळे पुस्तक अशी या अभ्यासक्रमाची रचना आहे. इंग्रजीबरोबर मराठी आणि हिंदीतही तो आणला गेला.

या पुस्तकांत मिनी आणि अपू ही दोन मुले भेटतात. ती उत्तरे देत नाहीत. प्रश्न विचारतात, चुकतात, पुन्हा पाहतात. हवा, पाणी, अन्न, आकाश आणि हवामान, आपले शरीर, वस्तूंची हालचाल असे रोजच्या जीवनातील विषय येथे आहेत. स्वाध्यायांची धाटणी नेहमीच्या ‘रिकाम्या जागा भरा’पेक्षा वेगळी आहे. दाखवा आणि सांगा, सारखे काय आणि वेगळे काय, बोला आणि लिहा, शब्दांशी खेळा, विचारा आणि शोधा, अशा आशयाचे ते स्वाध्याय आहेत. चित्र काढण्याला येथे फार महत्त्व आहे. मुंगीचे चित्र काढायचे तर तिला पाय किती आणि ते शरीराच्या कोणत्या भागाला जोडलेले आहेत, हे पाहावेच लागते. वाचून पाठ केलेले मूल चार पाय काढू शकते. पाहिलेले मूल सहा काढते.

शिक्षकांच्या पुस्तकाचे स्थान विशेष आहे. तेथे कृती कशी करायची एवढेच सांगून भागत नाही. मुले कोणते उत्तर देण्याची शक्यता आहे, त्या उत्तरामागे कोणता विचार असू शकतो आणि पुढे काय विचारावे, याचेही मार्गदर्शन लागते. साठ मुलांच्या वर्गात एकटा उभा असलेला शिक्षक अशा आधाराशिवाय प्रयोगाचे धाडस करणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

अडथळा बुद्धीचा की भाषेचा?

केंद्राने मुंबई महापालिका शाळांतील मुलांबरोबर केलेल्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली, आणि आजही तिचे महत्त्व कमी झालेले नाही. १९८० च्या दशकात केंद्राने वंचित समाजातील, विशेषतः अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांची निवड करून त्यांना शालान्त परीक्षेपर्यंत नियमित मार्गदर्शन देण्याचा प्रकल्प राबवला. ही मुले मागे पडतात ती क्षमता नसल्यामुळे नव्हे, हे त्यातून दिसून आले. योग्य साह्य मिळाले की ती इतरांच्या बरोबरीने चालू शकत होती. त्यांच्या वाटेतील एक मोठा अडथळा पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा होता. आशय तोच ठेवून वाक्ये छोटी आणि सरळ केली, तरी मुलांचे आकलन सुधारत असे.

मराठी माध्यमातील पुस्तक मराठी मुलाला आपोआप कळते, हा समज येथे खोटा ठरतो. घरी बोलली जाणारी मराठी, दखनी, भोजपुरी किंवा तमिळ आणि पुस्तकातील संस्कृतप्रचुर मराठी यांत मोठी दरी असते. ‘उत्प्रणोद’ म्हणण्याआधी पाणी वर ढकलते हे मुलाने बादलीत रिकामा डबा दाबून अनुभवले असेल, तर तो शब्द त्या अनुभवाचे नाव होतो. अनुभव नसेल तर तो केवळ जोडाक्षरांचा समूह राहतो. पारिभाषिक शब्द टाळावेत असा याचा अर्थ नाही. पुढील शिक्षणासाठी ते लागतातच. प्रश्न क्रमाचा आहे: आधी अनुभव, मग मुलाच्या भाषेत त्याचे वर्णन, मग शास्त्राची संज्ञा.

सुशिक्षित घरातील मुलाला शाळेने अनुभव दिला नाही तरी घर देते. संग्रहालयाची सहल, विज्ञानाचे खेळणे, प्रश्नांना उत्तर देणारे पालक त्याच्यापाशी असतात. गोदीत किंवा भंगाराच्या दुकानात काम करणाऱ्या कुटुंबातील मुलाला हा जोड देण्याची जागा शाळा एवढीच आहे. म्हणून कृतीतून विज्ञान ही चैन नाही, आणि तिची सर्वांत अधिक गरज जेथे आहे तेथेच ती सर्वांत कमी पोहोचते.

होशंगाबादचा धडा

या संदर्भात मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा उल्लेख अपरिहार्य आहे. टीआयएफआर सोडून ग्रामीण भागात गेलेले डॉ. अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांत तो सुरू केला. टीआयएफआर आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याला साह्य केले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व शाळांत गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने पुढे त्याची धुरा घेतली. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्याची पुस्तके. त्यांत निष्कर्ष छापलेले नसत. ते मुलांनी प्रयोगातून काढायचे असत. परीक्षेला पुस्तक सोबत नेण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकही असे. मुलांनी आपले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने विचारायचे आणि त्यांना उत्तरे जायची.

पुण्यातील टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भौमितिक आकार करण्याची त्यांची कल्पना तेथील दिवसांत आकाराला आली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो खेळणी जगभर पोहोचली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंद केला. तोपर्यंत तो १५ जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांत पसरला होता. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबले. त्यातून मिळालेला धडा स्पष्ट आहे. पुस्तक, साहित्य आणि शिक्षक प्रशिक्षण कितीही चांगले असले, तरी परीक्षा, शासन आणि पालक यांची साथ टिकली नाही तर असा कार्यक्रम तग धरत नाही. त्याचे विचार मात्र नाहीसे झाले नाहीत. टीआयएफआरमध्ये दीर्घकाळ काम केलेले प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला होता. त्यांच्याच अध्यक्षतेखालील २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला.

भरतीची वही

असे विज्ञान शिकण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरील शाळांना तर समुद्र विनामूल्य मिळालेला आहे. कोळी बांधवांचा जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ कळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, तर अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या आसपास. पावसाळ्यात वृत्तपत्रे भरतीची वेळ आणि लाटांची उंची छापतात. पंधरा दिवस मुलांनी वृत्तपत्रातील वेळ आणि कालनिर्णयातील तिथी शेजारी शेजारी लिहिली, तर भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते हे त्यांना स्वतः सापडते. ठोकताळा आणि नोंद यांत थोडा फरक दिसला की तो का पडला, हा पुढचा प्रश्न. चंद्र रोज तेवढाच उशिरा का उगवतो, हा त्यापुढचा. अष्टमीला पाणी कमी चढते आणि अमावास्येला उधाण येते, हे लक्षात आले की सूर्य आणि चंद्र यांच्या एकत्रित ओढीचे स्पष्टीकरण मुले कुतूहलाने ऐकतात.

लोखंडाच्या गंजण्याचा अभ्यासही असाच होऊ शकतो. एक खिळा कोरड्या बाटलीत, एक गोड्या पाण्यात अर्धवट बुडवून, एक मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून ठेवायचा आणि आठवडाभर रोज पाहून नोंद करायची. खर्च नगण्य. लागतो तो वेळ, आणि रोज पाहायला लावणारा शिक्षक.

आजचे आव्हान

विज्ञानाच्या कृतींचे साहित्य आता बाजारात सहज मिळते. २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून अनेक शाळांत त्रिमितीय छपाईयंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक साहित्य आले. प्रयोगांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहता येतात. हार्बर मार्गावरच, चुनाभट्टीला, १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान प्रसाराचे काम करते आहे. साधनांचा दुष्काळ पूर्वीइतका राहिलेला नाही. तरीही दोन धोके कायम आहेत. पहिला, प्रयोग पाहणे म्हणजे करणे असे मानण्याचा. चित्रफितीतील प्रयोग कधीच फसत नाही. त्यामुळे फॉइलचा बोळा का बुडला नाही, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. दुसरा, तयार संच विकत घेतला की विज्ञान शिक्षण झाले, असे समजण्याचा. सूचनेबरहुकूम तुकडे जोडणे हे हाताचे काम झाले. त्यात अंदाज, मोजमाप आणि वाद नसेल तर विज्ञान घडत नाही.

पालकांसाठी एक साधी कसोटी सुचवता येईल. मूल शाळेतून आल्यावर ‘आज काय शिकवले’ याऐवजी ‘आज काय करून पाहिले आणि तुझा अंदाज कोठे चुकला’ असे विचारावे. ज्या शाळेत अंदाज चुकण्याला जागा आहे आणि चुकलेला अंदाज खोडून न टाकता वहीत राहू दिला जातो, तेथे विज्ञान शिकवले जात आहे असे समजायला हरकत नाही.

रे रोडच्या मुलाजवळ लोखंड आहे, पाणी आहे, भरती-ओहोटी आहे. या गोष्टींबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते वर्गात बोलण्याची मुभा आणि त्याचे ऐकून पुढचा प्रश्न विचारणारा शिक्षक त्याला मिळायला हवा. तसा शिक्षक घडावा आणि त्याच्या हाती तपासून पाहिलेला धडा असावा, यासाठी नाना चौकात सुरू झालेले काम मानखुर्दला चालू आहे. ते महापालिकेच्या प्रत्येक वर्गापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र एकट्या संस्थेची नाही. ती शासनाची, महापालिकेची आणि आपल्या मुलांसाठी उत्तम शाळा शोधणाऱ्या नागरिकांचीही आहे.